विश्लेषण : वाडगाभर चहासाठी चार तास कशाला? जपानी चहाविधीत पाहुण्याचे काम काय?

जपानला २०२४मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी गेले. त्यांत भारतीयांची संख्या दोन लाखांच्या पुढे होती. क्योतो शहरात जाणाऱ्यांच्या यादीत मंदिरे, किमोनो आणि बुलेट ट्रेन यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे पारंपरिक चहाविधी, अर्थात ‘टी सेरेमनी’. पाऊण तासाचे सत्र, हिरवा फेसाळ चहा, चार छायाचित्रे आणि पुढच्या ठिकाणाकडे प्रयाण, असा बहुतेकांचा अनुभव असतो. प्रत्यक्षात हा विधी प्रेक्षकांसाठी बसवलेला नाही. त्यात यजमानाच्या हातात जेवढे असते, जवळपास तेवढेच पाहुण्याच्या हातात असते. पाहुण्याचे हे काम कोणते, ते कुठून आले आणि पर्यटनाच्या गर्दीत ते टिकते का, याचा हा आढावा.

चहाविधी म्हणजे नेमके काय?

जपानी भाषेत याला ‘चानोयू’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘चहासाठीचे गरम पाणी’, इतका साधा. वर्षानुवर्षे शिकण्याची साधना या अर्थाने ‘सादो’ किंवा ‘चादो’, म्हणजे ‘चहाचा मार्ग’, असेही नाव आहे. या विधीचे पूर्ण रूप म्हणजे ‘चाजी’. त्याला साधारण चार तास लागतात आणि पाहुणे चार-पाचच असतात. शेगडीत कोळसे रचणे, ‘काइसेकी’ नावाचे मोजके जेवण, गोड पदार्थ, मग बागेत थोडी विश्रांती, परत आल्यावर ‘कोइचा’ हा घट्ट चहा आणि शेवटी ‘उसुचा’ हा पातळ, फेसाळ चहा, असे त्याचे टप्पे. ऋतूनुसार क्रम थोडा बदलतो. गोड पदार्थ आणि उसुचा एवढ्यावर आटोपणाऱ्या छोट्या मेळाव्याला ‘चाकाई’ म्हणतात. पर्यटकांना दिसते ते बहुधा या चाकाईचेही संक्षिप्त रूप असते.

चहाची पाने उकळून गाळण्याचा प्रश्नच इथे नाही. सावलीत वाढवलेल्या पानांची बारीक भुकटी, म्हणजे ‘माचा’, वाडग्यातल्या गरम पाण्यात बांबूच्या घुसळणीने घुसळतात. उसुचासाठी साधारण २ ग्रॅम भुकटी आणि ७० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागते. कोइचात भुकटी जवळपास दुप्पट आणि पाणी निम्मे. तो लापशीसारखा दाट होतो आणि परंपरेने सगळे पाहुणे एकाच वाडग्यातून पाळीपाळीने पितात. कोरोनाच्या साथीत मात्र अनेक ठिकाणी प्रत्येकाला वेगळा वाडगा देण्याची पद्धत सुरू झाली.

ही पद्धत आली कुठून?

झेन भिक्षू एइसाई ११९१मध्ये चीनमधून परतला, तेव्हा त्याने चहाचे बी सोबत आणले, असे सांगितले जाते. चहाचे औषधी गुण सांगणारा ग्रंथही त्याने लिहिला. भिक्षू ध्यानाला बसताना जागे राहण्यासाठी चहा पीत. पुढे सरदार-दरकदारांत चहा ही श्रीमंतीची मिरवणूक झाली. महागडी चिनी भांडी मांडून मेजवान्या झडू लागल्या. पंधराव्या शतकात मुराता जुको आणि सोळाव्या शतकात ताकेनो जोओ यांनी त्याला साधेपणाकडे वळवले. या वळणाला अंतिम रूप दिले ते सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) याने.

रिक्यू साकाई या बंदराच्या शहरातील व्यापारी घराण्यातला. आधी ओदा नोबुनागा आणि नंतर तोयोतोमी हिदेयोशी या जपानच्या दोन बलाढ्य सत्ताधीशांच्या पदरी तो चहागुरू होता. चिनी भांड्यांच्या बरोबरीने त्याने हाताने घडवलेले काळे, ओबडधोबड वाडगे आणि बांबूची साधी पात्रे वापरली. या अनलंकृत सौंदर्यदृष्टीला ‘वाबी’ म्हणतात. त्याच्या धन्याची आवड अगदी उलट टोकाची. हिदेयोशीने सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, सुटी करून कुठेही नेता येईल अशी चहाची खोली बनवून घेतली होती. मात्र याच हिदेयोशीने १५८७मध्ये क्योतोच्या कितानो मंदिराच्या परिसरात मोठा चहामेळा भरवला आणि शेतकरी, व्यापारी, परदेशी अशा कुणालाही त्यात येण्याची मुभा दिली. स्वतःची किटली आणि वाडगा आणा, चहा नसेल तर भाजलेल्या धान्याची पूड चालेल, अशी दवंडी होती. दहा दिवस चालणार असलेला हा मेळा एका दिवसात गुंडाळण्यात आला.

पुढे १५९१मध्ये हिदेयोशीनेच रिक्यूला पोट चिरून प्राण देण्याची आज्ञा केली. कारणाबद्दल इतिहासकारांत एकमत नाही. क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिराच्या दरवाजावर रिक्यूचा पुतळा बसवला गेला आणि त्याखालून जाणे हिदेयोशीला अपमानास्पद वाटले, हे त्यांपैकी वारंवार सांगितले जाणारे कारण. रिक्यूच्या वंशजांनी तीन घराणी चालवली. ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजीसेन्के ही ती घराणी आजही क्योतोत आहेत. आपल्याकडे गायकीची घराणी असतात, तसे यांच्या पद्धतींत बारीक फरक आहेत. उदाहरणार्थ, उरासेन्केचा उसुचा वरपर्यंत फेसाळ असतो. ओमोतेसेन्केत फेस कमी ठेवतात आणि थोडा भाग मोकळा सोडतात.

खोली एवढी लहान, दार एवढे बुटके का?

क्योतोजवळच्या यामाझाकी येथील ‘ताइ-आन’ ही रिक्यूने बांधल्याचे मानले जाणारी एकमेव शिल्लक चहाखोली. आज ती राष्ट्रीय ठेवा आहे. तिचा मुख्य भाग फक्त दोन तातामी चटयांचा, म्हणजे जेमतेम ३५ ते ४० चौरस फुटांचा. यजमान आणि पाहुणा यांच्यात हातभराचेच अंतर उरते. यजमानाच्या श्वासापासून पाण्याच्या खळखळीपर्यंत सारे ऐकू येते. अर्थात पाहुण्याची चुळबुळही लपत नाही.

अशा खोलीचे दार ‘निजिरिगुची’ जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच असते. गुडघ्यांवर, मान लववून, सरकतच आत जावे लागते. सामुराईला कमरेच्या तलवारी बाहेरच्या फळीवर ठेवणे भाग पडे. सरदार असो वा व्यापारी, आत येताना प्रत्येकाला सारखेच वाकावे लागते. तिथवर पोहोचण्याची वाट म्हणजे ‘रोजी’ ही छोटी बाग. वाटेत ‘त्सुकुबाई’ हे दगडी पाण्याचे कुंड. तिथे खाली बसून हात धुवायचे, चूळ भरायची. देवळात शिरताना पाय धुण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पाहुण्याने नेमके काय करायचे?

पाहुण्याचे काम आत शिरल्याबरोबर सुरू होते. पहिल्यांदा ‘तोकोनोमा’ या कोनाड्यासमोर बसून तिथले सुलेखन आणि फूल पाहायचे. सुलेखनाची गुंडाळी त्या दिवसासाठी निवडलेली असते आणि फूल त्या ऋतूचे असते. यजमानाला आज काय म्हणायचे आहे, ते इथे कळते. रिक्यूच्या बागेतले ‘मॉर्निंग ग्लोरी’चे ताटवे पाहायला हिदेयोशी आला, तर बाग उजाड होती आणि कोनाड्यात एकच फूल ठेवलेले होते, अशी आख्यायिका याच संदर्भात सांगतात.

त्यानंतरचा क्रम थोडक्यात असा :

- तातामीच्या काठावरील कापडी पट्टीवर पाय द्यायचा नाही. कोनाड्यात पाय ठेवायचा नाही.

- गोड पदार्थ चहाच्या आधी येतो आणि आधीच संपवायचा. तोंडातली गोडी माचाचा कडवटपणा झेलते. चहासोबत बिस्किट बुडवण्याची सवय इथे बाजूला ठेवायची.

- वाडगा समोर आला की शेजारच्या पाहुण्याला ‘ओसाकी नी’ म्हणायचे, म्हणजे ‘तुमच्या आधी घेतो, माफ करा’. मग यजमानाला ‘ओतेमाए चोदाइ इताशिमास’, म्हणजे ‘तुम्ही केलेला चहा घेतो’.

- वाडगा डाव्या तळहातावर ठेवून उजव्या हाताचा आधार द्यायचा, किंचित वर उचलून आभार मानायचे.

- मग तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दोनदा थोडा थोडा फिरवायचा. यजमानाने वाडग्याची सर्वांत देखणी बाजू पाहुण्याकडे केलेली असते. त्या बाजूला ओठ लावायचे नाहीत, हे त्यामागचे कारण.

- दोन-चार घोटांत चहा संपवायचा. शेवटचा घोट आवाज करून ओढायचा. तो ‘संपला, आवडला’ असा यजमानाला निरोप असतो.

- ओठ लागलेली कड बोटांनी पुसायची, बोटे कागदाला पुसायची आणि वाडगा उलट दिशेने फिरवून मूळ जागी आणायचा.

- वाडगा खाली ठेवून दोन्ही हातांत जमिनीलगतच धरून न्याहाळायचा. हात उंच न्यायचे नाहीत, कारण वाडगा निसटला तरी फुटू नये.

पाहुण्यांत पहिला बसतो तो ‘शोक्याकु’, म्हणजे मुख्य पाहुणा. वाडगा कुणी घडवला, चमच्याला नाव काय, गोड पदार्थ कुठला, हे सर्वांच्या वतीने तोच विचारतो. अनुभवी माणसालाच ही जागा दिली जाते. पर्यटकाने तिथे बसण्याची घाई करू नये.

हे सगळे कशासाठी?

रिक्यूच्या परंपरेत चार तत्त्वे सांगितली जातात. ‘वा’ म्हणजे सलोखा, ‘केइ’ म्हणजे आदर, ‘सेइ’ म्हणजे शुचिता आणि ‘जाकु’ म्हणजे निवांतपणा. यांपैकी एकही यजमान एकट्याने सिद्ध करू शकत नाही. यजमान चमचा, डबी आणि वाडगा पाहुण्यांसमोर पुसतो. भांडी आधीच स्वच्छ असतात. तरीही पाहुण्याच्या नजरेसमोर पुन्हा पुसली जातात आणि पाहुण्याने ते पाहणे अपेक्षित असते. पाहुणा मोबाइलमध्ये डोके घालून बसला, तर त्या हालचालीला कुणी साक्षीच उरत नाही.

आणखी एक शब्द जपानबाहेरही पोहोचला आहे, तो म्हणजे ‘इचिगो इचिए’. आयुष्यात एकदाच होणारी भेट, असा त्याचा अर्थ. कल्पना रिक्यूच्या शिष्यवर्तुळातली असली, तरी तिला आजचे रूप एकोणिसाव्या शतकातील मुत्सद्दी इइ नाओसुके (१८१५-१८६०) याच्या चहावरील लेखनातून मिळाले. तीच माणसे, तीच खोली, तीच किटली असली तरी आजची ही भेट पुन्हा होणार नाही, म्हणून यजमान आणि पाहुणा दोघांनीही मनापासून वागावे, असे तो सांगतो. पुढे १८६०मध्ये एदो, म्हणजे आजच्या तोकियोच्या किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्याची हत्या झाली.

परदेशी पाहुण्यांसाठी विधी बदलला का?

बदलला आणि तोही आजकालचा नाही. सोळाव्या शतकात गोवामार्गे जपानला गेलेल्या अलेस्सांद्रो वालिन्यानो या जेझुइट धर्माधिकाऱ्याने तिथल्या आपल्या मठांत चहाची खोली आणि चहा देणारा माणूस ठेवण्याची सूचना केली होती. आलेल्या पाहुण्याला चहा न देणे त्या समाजात उद्धटपणाचे ठरेल, हे त्याने ओळखले होते. म्हणजे परक्याने इथली रीत शिकण्याची परंपराही चारशे वर्षांहून जुनी आहे.

यजमानांनीही पाऊल पुढे टाकले. क्योतोत १८७२मध्ये भरलेल्या प्रदर्शनात परदेशी लोक येणार होते. त्यांना जमिनीवर गुडघे दुमडून बसता येणार नाही, म्हणून उरासेन्केचे अकरावे प्रमुख गेंगेनसाइ यांनी टेबल-खुर्चीवरची ‘र्युरेइ’ पद्धत तयार केली. आज अनेक ठिकाणी पर्यटकांना खुर्ची मिळते ती भेसळ नव्हे. तिला घराण्याचीच मान्यता आहे. त्याच मेइजी काळात मुलींच्या शाळांत चहाविधी शिकवला जाऊ लागला. तोवर मुख्यतः पुरुषांचे असलेले हे क्षेत्र बदलले आणि आज शिकणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत.

इंग्रजी वाचकांना या विधीची ओळख करून दिली ती ओकाकुरा काकुझो यांच्या १९०६मधील ‘द बुक ऑफ टी’ने. ओकाकुरा १९०१-०२मध्ये भारतात आले होते. स्वामी विवेकानंद आणि टागोर परिवाराशी त्यांचा संबंध आला आणि त्यांच्या आधीच्या एका पुस्तकाची प्रस्तावना भगिनी निवेदिता यांनी लिहिली होती.

माचाच्या लाटेने काय झाले?

समाजमाध्यमांमुळे माचा लाटे, माचा आइस्क्रीम जगभर पोहोचले. मागणी एवढी वाढली की २०२४च्या शरद ऋतूत क्योतो आणि उजी परिसरातल्या काही जुन्या, नामांकित चहाविक्रेत्यांनी माचाच्या विक्रीवर मर्यादा घातली. ज्यापासून माचा दळतात त्या ‘तेंचा’ या पानाचे जपानमधील उत्पादन २०१०च्या तुलनेत जवळपास तिप्पट झाले, तरी पुरवठा अपुरा पडतो.

कारण हे काम घाईने होत नाही. तोडणीआधी झाडे साधारण तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ सावलीत झाकावी लागतात. नवी लागवड तोडणीला यायला पाचेक वर्षे जातात. पारंपरिक दगडी जाते तासाला ४० ग्रॅमच्या आसपासच भुकटी देते. बांबूची घुसळणी, म्हणजे ‘चासेन’, हाताने चिरून बनते. नारा प्रांतातील ताकायामा या एका गावाच्या परिसरात जपानमधल्या बहुतांश चासेन तयार होतात. दुसरीकडे, चहाविधी वर्षानुवर्षे शिकणाऱ्या जपानी लोकांची संख्या घटते आहे. माचा पिणारे वाढले आणि चहाचा मार्ग चालणारे कमी झाले, असा हा पेच आहे. अशा वेळी पर्यटकांसाठीची सत्रे हा अनेक चहाखोल्यांचा आधारही ठरतो. सत्रात येणारा माणूस किमोनोतले छायाचित्र विकत घ्यायला आला आहे की पाहुणा म्हणून, यावर ती सत्रे पुढे कोणते रूप घेतील, हे बरेचसे अवलंबून आहे.

पर्यटकाने सत्र कसे निवडावे?

तीन प्रकार ढोबळमानाने दिसतात. पहिला, मंदिरात किंवा बागेत बसून माचा आणि गोड पदार्थ घेणे. कामाकुरातील होकोकु-जी मंदिराचे बांबूचे बन, तोकियोतील हामारिक्यु बागेतील तळ्यावरचे चहाघर, कानाझावाच्या केनरोकुएन बागेतील शिगुरे-तेइ ही त्याची नावाजलेली ठिकाणे. खर्च सहसा हजार येनच्या आसपास. इथे चहा समोर बनेलच असे नाही. दुसरा, यजमान समोर बसून चहा करतो आणि अर्थ समजावतो, असे पाऊण ते एक तासाचे सत्र. याला साधारण तीन ते पाच हजार येन पडतात आणि किमोनो हवा असेल तर अधिक. उजी येथील नगरपालिकेचे ‘ताइहो-आन’ हे चहाघर किंवा रिक्यूच्या जन्मगावी साकाईत २०१५मध्ये सुरू झालेले संग्रहालय हे सार्वजनिक पर्याय आहेत. साकाईच्या संग्रहालयात ताइ-आनची प्रतिकृतीही आहे. तिसरा प्रकार म्हणजे जेवणासह पूर्ण चाजी. त्यासाठी ओळख, आगाऊ नोंदणी आणि बराच खर्च लागतो.

नोंदणी करताना तीन प्रश्न विचारावेत. एका वेळी किती पाहुणे असतील? चहा समोर बनवला जाईल का? छायाचित्रे कधी काढता येतील? वीस जणांच्या सत्रापेक्षा पाच जणांचे सत्र थोडे महाग पडले तरी घ्यावे. छायाचित्रांसाठी शेवटी वेगळा वेळ राखणारे ठिकाण बहुधा विधीकडे गांभीर्याने पाहणारे असते.

भारतीयांनी काय लक्षात ठेवावे?

बैठक ‘सेइझा’ पद्धतीची असते, म्हणजे आपले वज्रासनच. सवय नसेल तर दहा मिनिटांत पायांना मुंग्या येतात. तसे झाले की नम्रपणे सांगून पाय मोकळे करता येतात. त्याला कुणी अपमान मानत नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर खुर्चीची सोय आधीच विचारावी. पांढरे किंवा स्वच्छ मोजे घालावेत. अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे, कारण जुन्या वाडग्यावर ओरखडा उठू शकतो. अत्तर लावून जाऊ नये. छोट्या खोलीत निखाऱ्यावरच्या उदाचा मंद वास त्याने झाकोळतो.

शाकाहारींसाठी गोड पदार्थ बहुधा सोयीचे असतात. तांदळाचे पीठ, साखर आणि गोड शिजवलेल्या कडधान्याचे, पुरणाची आठवण करून देणारे सारण त्यांत असते. काहींत अंडे असू शकते, म्हणून विचारलेले बरे. जेवणाचा, म्हणजे काइसेकीचा बेत असेल तर मात्र आधीच कळवावे. त्यातल्या साध्या दिसणाऱ्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. माचात पान भुकटीसकट पोटात जाते, त्यामुळे कॅफिनही चांगलेच असते. झोपेची तक्रार असणाऱ्यांनी सकाळचे सत्र घ्यावे.

आणि वाडगा एकदा कमी फिरला, जपानी शब्द चुकला, तरी यजमान रागावत नाही. घराण्याघराण्यांत रीत वेगळी असल्याने जपानी पाहुणेही शेजाऱ्याकडे पाहून वागतात. यजमानाने त्या दिवसाचे फूल कुठले ठेवले आहे, एवढे जरी पाहुण्याने नीट पाहिले आणि त्याबद्दल एक प्रश्न विचारला, तरी पाऊण तासाच्या सत्रातही त्याने आपले निम्मे काम केले, असे समजायला हरकत नाही.